एक 'ओ' की दोन 'ओ'?

प्रश्न (कोथरूड): गृहकर्जाच्या तक्त्यात 'प्रिन्सिपल' आहे आणि मुलीच्या मुख्याध्यापिकांना अर्ज लिहितानाही 'प्रिन्सिपल'च. स्पेलिंग एकच का?

एकच, शेवटी पी-ए-एल. शाळेत मुख्य व्यक्ती, कर्जात मुख्य रक्कम, म्हणजे मुद्दल. ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये बसतो. त्यातले पहिल्या महिन्यात मुद्दलात जातात जेमतेम ७,९७४, बाकी व्याज. शेवटी पी-एल-ई असलेला शब्द म्हणजे तत्त्व. गंमत अशी, की बँकेचं 'इन-प्रिन्सिपल' मंजुरीपत्र याच दुसऱ्या स्पेलिंगचं. ती तत्त्वतः मंजुरी. मालमत्तेची कागदपत्रं तपासून व्हायची असतात, तेव्हा पैसे हातात आले असं धरू नका.

प्रश्न (हिंजवडी): 'डेटा हरवेल' असं मेलमध्ये लिहिताना 'लूझ'ला दोन 'ओ' दिले. स्पेलचेकने लाल रेघ का मारली नाही?

कारण दोन्ही शब्द खरे आहेत. एक 'ओ'चा शब्द म्हणजे हरवणं, गमावणं, हरणं, उच्चार 'लूझ'. दोन 'ओ'चा म्हणजे सैल, सुटा, उच्चार 'लूस'. आपला घोळ मराठीतच सुरू होतो. स्क्रू 'लूज' झाला, 'लूज मोशन' झाले असं आपण दिवसभर म्हणतो, म्हणजे सैलच्या शब्दाला हरवण्याचा उच्चार देतो. त्यामुळे कानावर विसंबू नका. वाक्य भूतकाळात नेऊन पाहा: 'लॉस्ट' चपखल बसलं तर एकच 'ओ'. 'चूझ'ला मात्र दोन 'ओ' असूनही उच्चार झचाच, म्हणून उच्चारावरून स्पेलिंगचा नियम काढायला जाऊ नका.

प्रश्न (सिंहगड रोड): दुकानाच्या पाटीवर 'स्टेशनरी' ई-आर-वाय की ए-आर-वाय?

ई-आर-वाय. वह्या-पेनं विकणारा तो स्टेशनर, त्यातही 'ई'च. ए-आर-वाय म्हणजे जागचं न हलणारं, उदाहरणार्थ ऐन दिवाळीत लक्ष्मी रोडवरची कुठलीही मोटार. मूळ दोन्हींचं एकच: मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान थाटून बसलेला पुस्तकविक्रेता तो स्टेशनर. पुण्यातल्या, वह्या-पुस्तकांच्या दुकानांनी गजबजलेल्या आपल्या आप्पा बळवंत चौकाला दोन्ही अर्थ लागू पडतील! पेंटरला स्पेलिंग तोंडी सांगू नका, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. फ्लेक्स असेल तर छपाईआधी प्रूफ मागवा.