मुंबईत मालकाच्या स्ट्रक्चरल ऑडिटने (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीने) बिल्डिंग सी-१ (अतिधोकादायक) ठरवली आणि महापालिकेने पाडली तर भाडेकरूचा हक्क जातो का?

नाही, बिल्डिंग पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण खोली मात्र रिकामी करावी लागू शकते, आणि लोक नेमकं इथेच गोंधळतात. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगलीच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेपट्टा जमिनीला धरून चालू राहतो. मुंबईत नोटीस येते ती महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली. तुमचं ऑडिट म्हणतंय दुरुस्ती होईल आणि मालकाचं म्हणतंय पाडा, तर असे उलटसुलट रिपोर्ट महापालिकेच्या टॅककडे, म्हणजे तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात, तेव्हा स्वतःच्या इंजिनिअरचा रिपोर्ट वेळेत आणि लेखी द्या, नुसता आरडाओरडा करून काही होत नाही. टॅकनेही सी-१ म्हटलं तर हायकोर्टात स्टे मिळणं अवघड, कारण जिवाचा प्रश्न आला की कोर्ट सहसा तज्ज्ञांच्या मताच्या मध्ये पडत नाही.

चावी देण्याआधी एवढं बघाच:
- महापालिकेच्या भाडेकरू यादीत तुमचं नाव आणि खोलीचं मोजलेलं क्षेत्रफळ आलंय का (हायकोर्टाच्या २०१४ च्या गाइडलाइन्समध्येच आहे हे)
- भाडेपावत्या, लाइटबिल, खोलीचे फोटो

मालकाशी काही ठरलं असेल तर ते कागदावर घ्या, तोंडी "नवीन बिल्डिंगमध्ये देतो ना" ला काही किंमत नाही. फक्त एक, हे पागडी/भाड्याच्या खोलीचं झालं, ओनरशिपच्या सोसायटीत हिशोब वेगळा, आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) चाळ असेल तर म्हाडा पण मध्ये येते.