मॉर्मन चर्चमध्ये सर्वांत आधी कोणती सुधारणा व्हायला हवी?
माझ्या मते, अमेरिकेत सुरू झालेल्या या ख्रिस्ती पंथाने आधी हिशेब उघडे करावेत. सदस्य उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात, पण खर्चाचा तपशील चर्चने १९५९ नंतर जाहीर करणं थांबवलं. २०२३ मध्ये तर शेअर गुंतवणूक दडवल्याबद्दल अमेरिकी नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक कंपनी यांना मिळून ५० लाख डॉलर दंड केला. पोटाला चिमटा काढून दशांश देणाऱ्या कुटुंबाला पैसा कुठे जातो हे कळायलाच हवं.

मग अध्यक्षपद. प्रेषित म्हणजे चर्चच्या वरिष्ठ नेतेमंडळातला सदस्य; त्यांच्यात सर्वांत जास्त काळ पदावर असलेला अध्यक्ष होतो आणि मरेपर्यंत राहतो. निवृत्तीचं वय ठरवायला काय हरकत आहे?

स्त्रियांना २०१९ पासून बाप्तिस्म्याला साक्षीदार होता येतं, याजकपद मात्र अजून नाही. कृष्णवर्णीय पुरुषांनाही ते आधी बंद होतं, १९७८ मध्ये खुलं झालं, म्हणजे बदल होऊ शकतो.