बाबांची मेथी आणि माझा आयएनआर

तुम्ही लिहिलंय, हृदयाची झडप बदलल्यावर बाबांनी गच्चीत भाजी लावली, माणूस खुलला, भूक लागायला लागली, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; फार कमी झाला की गुठळीची भीती, फार वाढला की रक्तस्रावाची) मात्र घसरतोय आणि दर वेळी रक्त पातळ ठेवायची गोळी वाढतेय. वाचून चहा तसाच ठेवला. हे सगळं माझ्याबाबतीत झालंय.

वय 67, मुक्काम सातारा, मायट्रल झडप धातूची. माती, कुंड्या, पाणी यावर पुष्कळांनी लिहिलंय, ते सोडते.

निवृत्तीनंतर भाजीवाल्याकडून सहा जुने क्रेट आणले, आत गोणपाट अंथरून पालापाचोळा आणि शेणखत भरलं. डिसेंबरात मेथी पेरली की चार दिवसांत कोंब मातीचा पापुद्रा डोक्यावर घेऊन वर येतात. तेवढं बघायला मी चहाआधी जिना चढायचे. महिन्याभरात जुड्याच जुड्या. मग काय, रोज मेथी, नाहीतर पालक, नाहीतर शेवग्याचा पाला. हातची भाजी टाकवते का?

त्याच थंडीत आयएनआर 2.8 वरून 1.6 वर आला. ज्या ओपीडीत जायचे (नाव घेत नाही) तिथे चार महिने फक्त डोस वाढत गेला. जेवणात काय बदललं, हे एकानेही विचारलं नाही. मीच एकदा खिडकीशी विचारलं, पालेभाजी चालते ना? 'सगळं खा आजी, पौष्टिक असतं.' मागे रांग होती, मी सरकले. अजून राग येतो.

पालेभाजीत के जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि वॉरफेरिन किंवा असिनोकोमॅरॉल, म्हणजे आमच्या या गोळ्या, नेमक्या त्याच्याच विरुद्ध काम करतात. पाला वाढला की गोळी कमी पडते. मग धातूच्या झडपेवर गुठळी धरायची भीती वाढते.

पण सगळ्यात महागात पडला तो माझा स्वतःचा शहाणपणा. एका नातेवाइकाने हे के-प्रकरण सांगितलं आणि घाबरून मी पाला एकदम बंद केला, कोणालाही न विचारता. डोस मात्र तोच, वाढवलेला. दोन आठवड्यांत ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, दंडावर न आपटता काळानिळा डाग. तपासलं तर 6.1. रात्रीच रिक्षाने दवाखाना गाठला.

म्हणून बाबांना पालक उपटायला लावू नका. कमी-जास्त न करता दर आठवड्याला साधारण तेवढाच खाऊ द्या, आणि किती खातात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. माझं आता आठवड्यातून तीनदा एक वाटी असं ठरलंय, नव्या डॉक्टरांनी डोस त्यावरच बसवलाय. हे माझं माप आहे, बाबांचं त्यांचे डॉक्टर ठरवतील. मी भूगोल शिकवायचे, वैद्यक नाही. उरलेल्या जुड्या शेजारी जातात. तीन क्रेटांत आता टोमॅटो, वांगी आणि कठड्यावर चढवलेला दुधी आहे. त्यांत के फारसं नसतं, मनसोक्त खा.

अ‍ॅपिक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्यांना पाल्याची ही भानगड नसते, पण धातूच्या झडपेला त्या देत नाहीत. तेव्हा कोणी 'आमच्या काकांना तर काही होत नाही' म्हटलं, तर आधी काकांची गोळी कोणती ते विचारा. शेजारणीचे काढेही परस्पर सुरू करू नका.

आणखी एक. या गोळ्यांवर असताना खुरपं लागलं की रक्त लवकर थांबत नाही. जाड हातमोजे घालायला लावा. धनुर्वाताची सुई दर दहा वर्षांनी लागते, मातीत हात घालणाऱ्याने तर चुकवूच नये.

मी कालनिर्णयावर मेथीची कापणी आणि आयएनआर एकाच चौकोनात लिहिते. यंदा संक्रांतीच्या चौकोनात आहे: 'दुसरा क्रेट कापला, 2.9.'