अंध, अपंग, दिव्यांग… मुलांना नेमका कुठला शब्द शिकवायचा?

प्रश्न असा आलाय की आठवी-नववीच्या मुलांचा तास घ्यायचाय, तर अपंग, विकलांग, दिव्यांग, विशेष यातला 'बरोबर' शब्द कुठला सांगायचा, आणि आंधळा, बहिरा हे तर आपले जुने मराठी शब्द, मग त्यांना नाक का मुरडायचं?

मला विचाराल तर नुसती शब्दांची यादी देऊ नका. 'मतिमंद'चंच बघा ना, हा काही शिवी म्हणून आलेला शब्द नाही, शाळांच्या पाट्यांवर, सर्टिफिकेटवर असायचा, आणि आता कुणाला गणित सुटलं नाही की मागच्या बाकावरून 'ए मतिमंद' ऐकू येतं. 'स्पेशल' पण त्याच वाटेने चाललाय. पोरांच्या तोंडी टोन तोच राहिला तर नवा शब्द दोन-चार वर्षांत नासतो.

आता आंधळा-बहिरा. हे शब्द लिंगाप्रमाणे बदलतात, आंधळा, आंधळी, आंधळं, शिवाय हाक मारायला 'आंधळ्या', 'लंगड्या' तयारच. आणि मराठीत मोठ्या माणसाला नपुंसकलिंगात ढकललं की बहुतेक वेळा त्यात तुच्छता असते, 'ते लंगडं आलेलं परवा' हे वाक्य मोठ्याने वाचून बघा, लगेच कळेल. अंध, कर्णबधिर हे शब्द असे वाकत नाहीत म्हणून अंध व्यक्ती, कर्णबधिर मुलगी हे जास्त बरं वाटतं. 'मूकबधिर' मात्र टाळाच, कारण ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचा आवाज शाबूत असतो, आणि जे हातांनी बोलतात ते बोलतातच की, सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे.

दिव्यांग हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये 'मन की बात'मधून सुचवला आणि मग सरकारी कामात रुळला, आपल्याकडे तर आता स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच आहे, त्यामुळे फॉर्म भरताना तोच येणार. पण अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांना तो पटलेला नाही, शरीरात दिव्य काही शोधू नका, आधी रॅम्प बांधा असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. कित्येक जण स्वतःला सरळ अपंग म्हणवतात. म्हणून मुलांना सांगा, ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला काय आवडतं ते विचारा, आणि अपंगत्वाचा विषयच नसेल तर नाव घ्या की, नाव असतं ना माणसाला!

मराठीत खरी मेख आहे ती अरे-तुरेमध्ये, आणि याबद्दल कुणी बोलतच नाही. चाळिशीतले गृहस्थ कुबड्या घेऊन रिक्षात बसतात आणि रिक्षावाला सोबतच्या माणसाला विचारतो, 'याला कुठं सोडायचं?' इथे अपंग, दिव्यांग काहीच आलं नाही, तरी पूर्ण अपमान झाला. तासाला हेच वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना बदलायला लावा, 'काका, तुम्हाला कुठं जायचंय?' एवढंच हवंय, थेट त्यांना विचारलेलं, अहो-जाहो करून.

दुसरा खडा म्हणजे 'असूनही'. दहावीचा निकाल लागला की 'अंध असूनही नव्वद टक्के' अशी बातमी येतेच, जणू डोळ्यांनी दिसत नाही म्हणजे डोकंही कमी असणार असं आधीच धरलेलं. त्यापेक्षा ब्रेलमधली पुस्तकं वेळेवर मिळाली का, लेखनिक मिळाला का ते लिहा. तसंच 'व्हीलचेअरला खिळलेली', अहो ती व्हीलचेअर वापरते, त्यामुळेच तर बाहेर पडते.

आणि हो, आंधळी कोशिंबीर आणि लंगडी बंद करायची का असं पोरं नक्की विचारतील. खुशाल खेळू द्या, ती खेळांची नावं आहेत. पण कॅच सुटल्यावर 'आंधळा आहेस का रे' असं ओरडणारा पोरगा त्याच मैदानावर असतो, त्याला तिथल्या तिथे थांबवा.