दोन पाकिटं आणि एक ट्रंक

गेल्या अंकात मी 'इन्सेंडीज' बघा म्हणून चार ओळी टाकल्या आणि मेलबॉक्स भरून गेला. अर्ध्या लोकांनी रात्री झोप लागली नाही म्हणून मला शिव्या घातल्यात, त्या पोचल्या बरं का. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. २०१० चा कॅनडातला फ्रेंच सिनेमा, दिग्दर्शक दनी विलनव, म्हणजे ज्याने पुढे 'ड्यून' केला तोच. माँट्रियलमध्ये नवाल नावाची बाई वारते आणि तिच्या जुळ्या मुलांना, झान आणि सिमोनला, मृत्युपत्राबरोबर दोन बंद पाकिटं मिळतात. एक वडिलांना द्यायचं, जे कधीच मेलेत असं मुलं धरून चाललेली, आणि दुसरं भावाला, जो आहे हेच त्यांना आजवर माहीत नव्हतं. ती पोचेपर्यंत आईला पुरायचं ते पेटीशिवाय, कपड्यांशिवाय, तोंड जमिनीकडे करून, आणि वर नावाचा दगडही लावायचा नाही. आता या मुलांनी करायचं काय! शेवट इथे कुणी फोडणार नाहीये, ज्यांच्या प्रश्नातच तो फुटला होता ते प्रश्न मी बाजूला ठेवलेत.

ताई, हा देश नक्की कुठला? आणि खरी गोष्ट आहे का ही? मी नकाशात दारेश शोधून दमलो. (एक वाचक, नाशिक)

दारेश सापडणार नाही, ते सिनेमातल्या शहराचं बनावट नाव आहे. सिनेमात देशाचं नावच घेतलेलं नाही, शूटिंग बरंचसं जॉर्डनमध्ये झालंय, पण कळणाऱ्याला कळतं की हा लेबनॉन. मूळ नाटक आहे, २००३ चं, वाज्दी मुआवादचं. हा माणूस १९६८ ला लेबनॉनमध्ये जन्मला, लहानपणीच युद्धामुळे घरच्यांबरोबर आधी फ्रान्सला आणि मग क्युबेकला गेला, म्हणजे जो देश त्याने मागे टाकला त्याचीच ही गोष्ट.

आता खरं किती. बसचा सीन आठवतोय ना, ज्यात बंदूकवाले बस अडवतात आणि नवाल एका लहान मुलीला आपली म्हणून बाहेर काढायला बघते? १३ एप्रिल १९७५ ला बैरूतच्या ऐन एल-रुम्माने भागात पॅलेस्टिनी लोकांनी भरलेल्या बसवर ख्रिश्चन मिलिशियाने गोळीबार केला होता, वीसहून जास्त माणसं मेली, आणि १९९० पर्यंत चाललेल्या यादवी युद्धाची सुरुवात त्याच दिवसापासून धरतात. सिनेमातली बस म्हणजे तीच बस नव्हे, पण ती कुठून आली हे उघड आहे. दुसरं, नवालने एका नेत्याच्या घरात मुलाला शिकवायच्या निमित्ताने शिरून त्याला गोळ्या घालणं. सुहा बशारा नावाची २१ वर्षांची मुलगी १९८८ मध्ये दक्षिण लेबनॉनमधल्या मिलिशियाचा प्रमुख आंत्वान लहाद याच्या घरी अशीच शिरली होती, त्याच्या बायकोला एरोबिक्स शिकवायला. तिने गोळ्या झाडल्या, तो वाचला आणि ती खियामच्या तुरुंगात दहा वर्षं राहिली, त्यातली बरीच एकटीच्या कोठडीत. मुआवादला नवाल सुचली ती हिच्यावरून. पण पाकिटं, जुळी, हरवलेला मुलगा हे सगळं त्याचं, त्यामुळे सत्यकथा म्हणू नका.

देशाचं नाव न घेणं मला मात्र पूर्ण पटलेलं नाही. पहिल्यांदा बघताना कोण कुणाला मारतंय आणि का, हे समजायलाच माझा अर्धा तास गेला.

आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा. सिनेमातला तो नोटरी लबेल इतका जीव का टाकतो या पाकिटांसाठी? (एक वाचक, सोलापूर)

हा प्रश्न वाचून मी मोठ्याने हसले, कारण मलाही हेच वाटलं होतं. क्युबेकची गोष्ट वेगळी आहे, तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आणि तिथला नोटेअर म्हणजे कायदा शिकलेला माणूस, घरचे व्यवहार, लग्नाचे करार, मृत्युपत्रं सगळं तोच करतो आणि मूळ प्रत स्वतःकडे सांभाळतो. त्याच्यासमोर केलेलं मृत्युपत्र माणूस गेल्यावर कोर्टात नेऊन सिद्धही करावं लागत नाही. शिवाय नवाल त्याच्याच ऑफिसात कित्येक वर्षं सेक्रेटरी होती. म्हणजे रोज समोरच्या टेबलावर बसणारी बाई, आणि तिच्या पोटात काय आहे याचा याला पत्ता नाही! मला तर कधीकधी वाटतं पाकिटांमागे तो कायद्यासाठी कमी आणि आपल्याला काहीच कसं कळलं नाही या लाजेपायी जास्त धावतो.

त्या गावातल्या बायका अचानक का तुटून पडतात झानवर? आमच्या घरात यावर भांडण झालं, नवरा म्हणतो उगाच ड्रामा. (एक वाचक, डोंबिवली)

नवऱ्याला हा सीन परत दाखवा. झान आईच्या गावी पोचते, बायका तिला घरात बसवतात, सगळ्या गोल करून बसलेल्या, फ्रेंच येणारी एकजण मधे बसून जमेल तसं भाषांतर करतेय, हसणं खिदळणं चाललंय, पोरगी कुठून आली, कुणाची. आणि ही आईचं नाव सांगते. चेहरे फिरतात. एक म्हातारी बोलायला लागते तशी बाकीच्याही सुरू होतात, झानला एक अक्षर कळत नाहीये पण आपल्याला इथे जागा नाही एवढं बरोबर कळतं. कारण नवालने तरुणपणी निर्वासितांच्या छावणीतल्या मुलावर प्रेम केलं, तिच्याच भावांनी त्याला मारलं, पोटातलं मूल जन्मल्यावर आजीने त्याच्या टाचेवर तीन ठिपके गोंदले आणि बाळ अनाथाश्रमात गेलं. घराण्याचं नाक कापलं म्हणून तो राग इतक्या वर्षांनंतरही तसाच ताजा.

माझं म्हणणं असं की या सिनेमात गुपित कुणा एकाकडे कुलूपबंद नाहीचे. ते वाटलेलं आहे. एक तुकडा या बायकांकडे, एक शाळेत शिपाईकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडे जो आधी तुरुंगात पहारेकरी होता, एक बाळंतपण करणाऱ्या बाईकडे, एक जुन्या लढवय्या म्होरक्याकडे, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याकडचा एवढाच, बारका. फक्त ज्यांचं आहे त्या दोन पोरांकडे काहीच नाही. आपल्याकडेही हेच ना, वाड्यातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि घरातल्या लेकराला तेवढं नसतं.

झान गणितवाली का दाखवलीय? मी बारावी सायन्स, ते सुरुवातीचं लेक्चर डोक्यावरून गेलं. (एक वाचक, कोल्हापूर)

अरे तुझ्यासाठीच तर आहे ते! ते कोलाट्झचं कोडं. कुठलाही आकडा घे, सम असेल तर निम्मा कर, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळव, आणि हेच करत रहा. ७ घे. २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १. सोळा पायऱ्या. मधे आकडा वर जातो, खाली येतो, आता हा सुटला असं वाटतं आणि शेवटी एकावर येऊन आपटतो. २७ घेतलास तर १११ पायऱ्या लागतात आणि मधे तो ९२३२ पर्यंत चढतो, तरी येतो एकावरच. लोथार कोलाट्झने हे १९३७ मध्ये मांडलं, पण प्रत्येक आकडा असाच एकावर येतो हे सिद्ध करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

आता वही ठेव आणि पाकिटं मोज. वडिलांसाठी एक, भावासाठी एक. सिमोन शेवटाकडे हॉटेलच्या खोलीत बहिणीला बेरजेचा जो प्रश्न विचारतो तो आठव, एकात एक मिळवले तर. ज्यांनी पाहिलाय त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल, बाकीच्यांनी पुढे सरका.

आणि हो, वयांचा हिशोब जुळत नाही असं तीनचार जणांनी लिहिलंय. रास्त आहे, कागद घेऊन बसलं की ओढाताण होतेच. मला थिएटरमध्ये ते सुचलं नाही, घरी चहा करताना सुचलं, आणि माझ्या मते दिग्दर्शकाला एवढी मुदत पुरे असते.

मराठीत असलं काही आहे का, घरातलं दडवलेलं वर येणारं? (एक वाचक, मडगाव)

'पाठलाग' बघा, १९६४, राजा परांजपे. काशिनाथ घाणेकर वकील, बायको गेलीय आणि हुबेहूब तिच्यासारखी बाई पकडली जाते, भावना डबल रोलमध्ये. साठ वर्षं झाली तेव्हा स्पॉयलर सांगायला हरकत नसावी, बायकोने आपली जुळी बहीण नवऱ्यापासून लपवलेली असते. यावरूनच हिंदीत 'मेरा साया' झाला. फरक एवढाच की तिथे गुपित कोर्टात उलगडतं, न्यायाधीश असतो, निकाल लागतो आणि आपण निवांत घरी जातो. नवालच्या पोरांना कोर्टच नाही.

आईबरोबर बघू का? (एक वाचक, लातूर)

नको. आधी एकटी बघ, मग ठरव.

ताई, हा प्रश्न सिनेमाचा नाही पण सिनेमामुळे सुचला. आजी गेली मागच्या वर्षी, तिची ट्रंक उघडली तर तळाशी लग्नपत्रिका निघाली, आजीच्याच लग्नाची, पण नवऱ्याचं नाव आजोबांचं नाही. आई म्हणाली गप ठेव परत. मी शोधू का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

हे पत्र मी तीनदा वाचलं. नवालने पाकिटं स्वतः भरून ठेवली होती, नावं घालून, म्हणजे तिला मुलांना सांगायचंच होतं, फक्त स्वतःच्या तोंडाने नाही. तुमच्या आजीने पाकीट ठेवलेलं नाही. पण तिने ती पत्रिका फाडलीही नाही ना. चूल होती घरात, एवढी वर्षं होती, बंबात टाकायला एक मिनिट लागलं नसतं. ट्रंकेच्या तळाशी जपली. मी यातून फार काही काढत नाही, पण एवढं काढते.

तुमची आई "गप ठेव" म्हणाली, "हे काय आहे" असं नाही म्हणाली, म्हणजे एक तुकडा तिच्याकडे असणार. तिला डावलून गावभर विचारत फिरू नका, ज्या गोष्टीवर आजी आयुष्यभर बोलली नाही ती पारावर चघळली जाईल. आजीची एखादी बहीण, नणंद, शेजारीण हयात असेल तर आईला बरोबर घेऊनच जा. आणि गेल्यावर तो कोण होता, मेला का, सोडलं का असं पोलिसासारखं सुरू करू नका. लग्नात आजीला साडी कुठली होती, जेवायला काय होतं, मांडव कुणाच्या अंगणात पडला होता, एवढंच विचारा आणि थांबा. म्हाताऱ्या बायका साडीवरून सुरू करतात आणि कुठून कुठे जातात ते तुम्हाला माहीतच आहे. नाही बोलल्या तर चहा पिऊन या.

पत्रिकेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जुना कागद घडीवर तुटतो. आणि ट्रंकेत परत ठेवताना होती तशीच ठेवा, खाली अंथरलेला पेपर असेल तर तोही बदलू नका, त्याच्यावरची तारीख आधी बघा.