१२२ फाइली लूपमधून वाचल्या, तरी शेवटच्याच दिवसाचा पाऊस का उरतो?

तुमच्याकडे ठाणे आणि नवी मुंबईच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाच्या सीएसव्ही फाइली आहेत, प्रत्येक शहराची रोजची एक. पायथनचा फॉर लूप पूर्ण फिरतो, पण हातात ३० सप्टेंबरचाच तक्ता राहतो. फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला, तर एकही फाइल सापडत नाही. या दोन वेगवेगळ्या चुका आहेत.

पहिली सोपी आहे. लूपच्या प्रत्येक फेरीत तुम्ही वाचलेली फाइल त्याच एका व्हेरिएबलमध्ये ठेवता, त्यामुळे आधीची पुसली जाते. लूपच्या आधी एक रिकामी लिस्ट करा, आत प्रत्येक तक्ता तिला अपेंड करा आणि लूप संपल्यावर, म्हणजे इंडेंट बाहेर काढून, पँडाज (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) हिचं तक्ते जोडणारं कॉनकॅट एकदाच चालवा. कॉनकॅट आत ठेवलंत तरी उत्तर तेच येईल, पण दर फेरीला आधीचा सगळा डेटा पुन्हा कॉपी होत राहील. जोडण्याआधी प्रत्येक तक्त्यात फाइलच्या नावाचा कॉलम घाला. पुढे एखादा आकडा विचित्र दिसला की तो कुठून आला हे लगेच कळतं.

दुसरी चूक तुमच्या गावांच्या नावातच दडली आहे! विंडोजच्या पत्त्यात बॅकस्लॅश असतो. त्याच्यापुढे ठाण्याचा छोटा टी आला की पायथन त्या जोडीला टॅब समजतो, आणि नवी मुंबईचा छोटा एन आला की नवी ओळ. असा फोल्डर अस्तित्वातच नसतो, म्हणून ग्लॉब (फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारं पायथनचं साधन) रिकामी लिस्ट देतो. लूप एकदाही फिरत नाही आणि तिथे एररही दिसत नाही. पत्त्याच्या अवतरणचिन्हाआधी छोटा आर लावा, किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा. आणि लूपआधी लिस्टची लांबी प्रिंट करा: ३० + ३१ + ३१ + ३० म्हणजे प्रत्येक शहराला १२२ यायलाच हव्यात. १२३ आल्या तर बहुतेक तुमची जोडलेली फाइल त्याच फोल्डरमध्ये सेव्ह झाली आहे. ती दुसरीकडे ठेवा.

ग्लॉब फाइली कुठल्याही क्रमाने देतो, म्हणून त्याला क्रम लावणाऱ्या सॉर्टेडमध्ये गुंडाळा. नावं १, २, ३ अशी असतील तर १ नंतर १० येईल. ००१ किंवा वर्ष-महिना-दिवस अशी नावं ठेवा. तारखा वाचताना डेफर्स्ट ट्रू (म्हणजे आधी दिवस) द्या, नाहीतर ०५-०७ म्हणजे ५ जुलैची ७ मे होते.

पावसाच्या कॉलममध्ये कुठे ‘किंचित’ असा शब्द असेल तर अख्खा कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो आणि बेरीज चुकते. मजकुराचे आकडे करणाऱ्या पँडाजच्या टू-न्यूमरिकला एरर्समध्ये कोअर्स द्या, म्हणजे आकडा नसलेली जागा रिकामी होते, मग किती जागा रिकाम्या झाल्या ते मोजा. त्या शून्य धरू नका.

एरर आली तरी लूप थांबू नये म्हणून ट्राय-एक्सेप्ट लावलंत तर एक्सेप्टमध्ये नुसतं पास लिहू नका, अडलेल्या फाइलचं नाव प्रिंट करा. आणि सुरुवातीला लिस्टमधल्या पहिल्या ३ फाइलींवरच लूप चालवून बघा.