माणसं जोडायची म्हणजे नक्की करायचं काय?

प्रश्न : मी चाकणजवळच्या एका कंपनीत पॅकिंग लाइनवर होते, आता त्याच लाइनची सुपरवायझर झालेय. कालपर्यंत ज्या माझ्याबरोबर डबा खायच्या त्या आता मी आले की गप्प होतात. एचआरवाले म्हणतात टीम बाँडिंग कर. वाढदिवसाला केक कापतो, महिला दिनाला सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसून फोटो काढले, ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग पडतं. तरी कुणाला काही अडलं तर मला सांगत नाहीत, सरळ खाडा करतात. काय चुकतंय?
– एक वाचक, चाकण

उत्तर : ताई, आधी अभिनंदन! लाइनवर उभं राहून राहून पाय दुखलेली बाई सुपरवायझर होते तेव्हा मला मनापासून आनंद होतो. केक कापा, त्यात वाईट काहीच नाही, पण केक खाल्ला म्हणून कुणी आपली अडचण सांगायला येत नाही. सांगितल्यावर काहीतरी हललं, हे बाईला एकदा तरी डोळ्यांनी दिसावं लागतं, मग ती दुसऱ्यांदा आपणहून येते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड घ्या, दुष्काळी भाग. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा तिथे राहून काम करत होत्या. कांताबाई नावाची रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी बाई त्यांच्याकडे आली, म्हणाली मला खातं उघडायचंय, पावसाआधी घरावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचाय, त्यासाठी पैसे साठवायचेत. बँकेने हिला परत पाठवलं, एवढ्याशा रकमेचं खातं परवडत नाही म्हणून. आता इथे कुणीही चार गोड शब्द बोलून, फार तर तो कागद आणून देऊन मोकळं झालं असतं ना! चेतनाताईंनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण बँक काढू पाहणाऱ्या बायका निरक्षर, कागदांवर अंगठे. चेतनाताई रडवेल्या होऊन गावी आल्या तर बायकाच म्हणाल्या, रडता कशाला, आम्ही शिकतो की. दिवसभर राबून रात्री शिकल्या आणि काही महिन्यांनी परत रिझर्व्ह बँकेत जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, आम्हाला लिहितावाचता नीट येत नसेल पण कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा! 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पण मला यापेक्षाही मोठं वाटतं ते पुढचं. बायका म्हणाल्या बँकेत यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, तर बँकच बाजारात आणि दारात जायला लागली. पासबुक घरी नेलं की नवऱ्याला पैसे दिसतात आणि तो मागतो, हेही बायकांनीच सांगितलं आणि त्यावर उपाय काढावा लागला. मग कार्ड आणि पिन आला तर म्हणाल्या पिन नको, पिन कुणीही चोरेल, माझा अंगठा कोण चोरणार? म्हणून अंगठा. ज्या अंगठ्यावरून अर्ज नाकारला होता तोच! म्हणजे बघा, बायकांनी काही सांगितलं की बँकेची रीत बदलायची, बायकांना बदला असं कुणी म्हणायचं नाही. अशा ठिकाणी बाई बोलते.

तुमच्या लाइनवर काय करता येईल? खाडे का होतात ते एकेकीला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको आणि ग्रुपवर तर नकोच नको. बस चुकते, पोराच्या शाळेत बोलावलेलं असतं, पाळीच्या दिवसात सलग उभं राहवत नाही पण लाइन सोडून जायची परवानगी मागायची लाज वाटते, अशीच काहीतरी कारणं निघतील. त्यातलं एक, फक्त एक, जे तुमच्या हातात आहे ते त्याच आठवड्यात बदला. ब्रेक मागेपुढे करणं, दोघींना आपसात शिफ्ट बदलू देणं, सलग उभं राहायच्या जागी रोज वेगळी बाई लावणं, एवढं सुपरवायझरला जमतं. हातात नाही ते मॅनेजरकडे न्या आणि उत्तर नाही आलं तरी ते परत येऊन सांगा. हे फार महत्त्वाचं आहे ताई, कारण बायकांना नकाराची सवय असते, पण आपलं बोलणं वर पोचलं की मधेच विरलं हेच कधी कळत नाही, आणि मग त्या सांगणं सोडतात. आणि डबा त्यांच्यातच बसून खात राहा, तो बंद करू नका.

प्रश्न : आमच्या टीमची मॅनेजर सगळ्यांना धरून असते, कोण कुठे अडलंय तिला बरोबर कळतं. अप्रेझलच्या वेळी साहेब म्हणाले, बाई आहे ना, बायकांना हे जन्मतःच येतं. हे खरं का?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : नाही हो. आणि असं म्हटल्याने तिच्या कामाची किंमत शून्य होते, याचा मला खरंच राग येतो.

हे काम करून करून शिकावं लागतं. इलाबेन भट्ट कायदा शिकलेल्या होत्या, अहमदाबादच्या मजूर महाजनात, म्हणजे गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये, कामगारांचं काम करून तयार झालेल्या. 1972 मध्ये त्यांनी फेरीवाल्या, ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणाऱ्या बायकांची ‘सेवा’ ही युनियन नोंदवायला घेतली तर सरकारी खात्याने विचारलं, यांचा मालक कोण, तुम्ही भांडणार कुणाशी? त्यांनी वाद घालून पटवलं की युनियन एकत्र येण्यासाठी असते, मालकाविरुद्धच असली पाहिजे असं नाही. दोन वर्षांनी प्रत्येकीचे 10 रुपये शेअर घेऊन 4,000 बायकांनी स्वतःची बँक काढली.

आपल्या मुंबईच्या प्रेमाताई पुरव बघा. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, मग गिरणगावात कामगार चळवळीत. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीवर किराणा आणायच्या, व्याज भरून भरून पिचलेल्या, आणि संप झाला की पगार नाही म्हणून जेवणाचे पैसेही नाहीत, तरी रांधायच्या. संप यांच्या जिवावर चालतो आणि यांना कुणी कामगार म्हणत नाही, हे प्रेमाताईंना दिसलं. 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं आणि बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. त्यामागे चाळीचाळीतून फिरणं आहे, फॉर्म आहेत, बँकेच्या खेपा आहेत.

तेव्हा पुढच्या फीडबॅकमध्ये तुमच्या मॅनेजरबद्दल ‘स्वभाव चांगला’ असं लिहू नका. कुणाचं काम कुठे अडलं होतं आणि तिने ते कसं सोडवलं, हे लिहा.

प्रश्न : बरीच वर्षं मीच बचत गटाची अध्यक्ष आहे. सोडते म्हटलं की सगळ्या म्हणतात ताई तुम्हीच बघा. मी नसले तर मीटिंगच होत नाही.
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : त्यांचं प्रेम खरं आहे, पण ताई, गट तुमच्या एकटीच्या खांद्यावर आहे, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? लिज्जत पापड 1959 मध्ये गिरगावात 7 जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला, आणि आजही पापड लाटणारी प्रत्येक बाई तिथे मालकीण असते, नफाही सगळ्यांचा आणि तोटाही. कारभार बघणाऱ्याही लाटणाऱ्यांमधूनच येतात, बाहेरून मॅनेजर आणून बसवत नाहीत.

पुढच्या मीटिंगला रजिस्टर दुसरीच्या हातात द्या. हिशेब तिला मोठ्याने वाचू दे, बेरीज चुकली तरी तुम्ही मधे बोलू नका, बाकीच्या सांगतील. बँकेत जाताना तिला बरोबर घ्या आणि मॅनेजरशी तिलाच बोलू द्या. चार-सहा मीटिंगा अशा झाल्या की बँक खात्यावरच्या सह्या बदलायचा ठराव मांडा, आणि तो तुम्ही न मांडता तिनेच मांडला तर जास्त बरं.